तिसऱ्या कॉफीचा आवाज

"पाहुणी बसलेली असताना दोनदाच दळायचं. तिसऱ्यांदा दांडा फिरला, की तू तिला दार दाखवलंस."

आईचे हे शब्द हस्नियाला झोपेतून उठवून विचारले असते तरी तिने सांगितले असते. त्राव्निक गावात ते बाळगुटीबरोबरच पाजले जातात. पहिली कॉफी आलेल्याची, दुसरी गप्पांची, आणि घरची बाई कंटाळलीच तर तिसरी: प्या आणि निघा. परदेशात, ग्रात्समध्ये जन्मलेल्या तिच्या सुनेला मात्र ही गुटी कुणी दिली नव्हती.

सून, आल्मेदिना, सुट्टीला आली ती स्वतःची हातचक्की घेऊन. औषधाच्या बाटलीएवढी, काळी, पोलादी. "प्रवासात बरी पडते, आई. विमानातही नेते मी." सोबत इवलासा वजनकाटा, दाण्यांवर पाणी शिंपडायची फवाऱ्याची बाटली, आणि किती बारीक दळायचं त्याचे आकडे. सोनाराने गुंज तोलावी तसे ती दाणे तोलायची. हस्निया मनात म्हणे, एवढं मोजूनमापून शेवटी पाणीच गढूळ करायचं ना. तिची स्वतःची पितळी चक्की हाताला गरम लागेपर्यंत फिरवायची आणि दांडा हलका झाला की थांबायचं. त्याला आकडे कशाला लागतात?

सोमवारी सकाळी शेजारीण राबिया आली. सोमवारी हस्नियाचा रोजा असे. ती स्वतः पीत नसे, पण दुसऱ्यासाठी दळायला तिचा हात कधी अडला नव्हता. आज मात्र सूनच पुढे सरसावली.

राबियाला उद्याचं पक्कं करायचं होतं. झेनित्साच्या दवाखान्यात तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. उजवा गेलाच होता. आता डावा वाचवायचा होता. दोनदा ती एकटी बस स्टँडपर्यंत जाऊन घाबरून परत फिरली होती. म्हणून हस्नियाने सोबत यायचा शब्द दिला होता.

"सहाची बस आहे. येशील ना गं?"

"येईन म्हटलं ना."

"तुझी चक्की आण. ऑपरेशन झाल्यावर तिथलं मशीनचं पाणी माझ्या घशाखाली उतरायचं नाही."

"तुझ्या घशाखाली काय उतरत नाही ते एकदा सांग," हस्निया म्हणाली.

राबिया हसली. तिने साखरेचा खडा कॉफीत बुडवला, जिभेखाली ठेवला आणि फुर्रकन घोट ओढला. चाळीस वर्षं हस्निया तो फुरका ऐकत होती. फुरक्यामागून दुखऱ्या गुडघ्याची कहाणी यायची, गुडघ्यामागून जावयाची. मेंढरांनाही वाट बदलावीशी वाटते. हिला वाटत नव्हती.

दुसरा कप संपला आणि गप्पांत जावई आला. सुनेला वाटलं, काकूंना कॉफी आवडलेली दिसते. तिने पुन्हा दाणे तोलले, चक्कीत ओतले आणि दांडा फिरवायला घेतला.

करकर ऐकताच राबियाचा जावई अर्ध्यावर राहिला. तिने सुनेकडे नाही, हस्नियाकडे पाहिलं. 'नवखी आहे गं, बस' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. हस्नियाने हातातल्या तसबीहच्या माळेचा एक मणी पुढे सरकवला आणि खिडकीबाहेर पाहिलं. सुटले बाई, असंच तिला वाटलं होतं.

"निघते मी," राबिया म्हणाली. दाराशी जोडे चाचपायला तिला वेळ लागला. "उद्याचं राहू दे हं. तुला तुझी कामं असतात. माझं मी बघेन."

"काकू, होतच आलीय की," सून म्हणाली.

"ऐकली बाळ, ऐकली."

दार लागल्यावर सुनेने विचारलं, "माझं काही चुकलं का?"

"दळण बारीक आहे तुझं. अक्कल तेवढी जाडी." मग तिसऱ्या कॉफीचा अर्थ हस्नियाने दोन वाक्यांत तिला सांगितला.

सून रडली नाही. "मला ठाऊक नव्हतं. पण तुम्ही तर इथेच बसला होतात, आई."



संध्याकाळी रोजा सोडताना तोंडातला खजूर तिला गोड लागेना. रोज्यात जिभेला लगाम हवा, कुणाला टाकून बोलू नये, हे ती वर्षानुवर्षं पाळत आली होती. आजही तिची जीभ हलली नव्हती. न हलताच तिने एका बाईला आंधळं व्हायला घरी पाठवलं होतं. तिला आलेला राबियाचा कंटाळा मात्र तसूभर कमी झाला नव्हता. उद्या बसमध्ये पुन्हा गुडघा असणार, जावई असणार, आणि सगळ्या उतारूंना ऐकू जाईल असा फुरका असणार. पण शब्द दिला होता तो याच राबियाला. फुरके न मारणारी दुसरी कुठली राबिया नव्हतीच.

पहाटेची नमाज झाल्यावर तिने पितळी चक्कीचा दांडा काढून चक्कीच्याच पोटात ठेवला, चक्की रुमालात गुंडाळली, भाजलेले दाणे आणि साखरेचे खडे पिशवीत टाकले, थर्मासमध्ये कढत पाणी भरलं.

सून दारात येऊन उभी होती. "त्यांना कळवलंय का?"

"कळवलं तर नको म्हणेल."

हस्नियाने डोक्यावरचा रुमाल सारखा केला, जिना उतरली आणि राबियाच्या फाटकाकडे चालू लागली.