चढावरची जीप

थोरल्यानं वाटेवर काट्या टाकल्या तेव्हा धाकटा खताची पाटी डोक्यावर घेऊन निम्म्या वाटेत होता. मागून त्याची बायको येत होती, तिच्याही डोक्यावर पाटी. मी माझ्या बांधावर गवत कापत होतो, म्हणून झालं ते सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

"इथून पुढं जायचं नाही," थोरला म्हणाला. काटेरी फांद्यांचा ढीग त्यानं पायानंच वाटेत सारला आणि वर दोन धोंडे ठेवले.

"दादा, वरच्या रानात जायला दुसरी वाट आहे का?"

"आहे की. ओढ्याकडचा चढ."

"त्या चढानं शेळीसुद्धा जात नाही."

"मग शेळीपेक्षा शहाणा हो."

धाकट्याची बायको पाटी डोक्यावर तशीच धरून पुढं आली. गाव तिला धाकटीच म्हणायचं. "वाटणीत वाट दोघांची ठरली होती, भाऊजी. चार माणसं होती समोर."

थोरला तिच्याशी कधी सरळ बोलायचा नाही. तो भावाकडे बघून म्हणाला, "बायकोला सांग, रान माझं आहे. रानातून जाते ती वाट पण माझी."

धाकटा पायाखाली बघायला लागला. ती त्याची जुनी खोड. भावापुढं त्याची जीभ टाळूला चिकटायची. पाटी घेऊन तो माघारी वळला. धाकटीनं मात्र आपलं खत तिथंच, त्या काट्यांवर ओतलं. "घ्या," म्हणाली, "वाट पिकवा आता."

थोरल्याचा डाव सगळ्यांना कळत होता. बाप गेल्यावर वाटणी झाली, त्यात खालची काळी जमीन थोरल्यानं घेतली आणि वरचं माळरान धाकट्याच्या पदरात टाकलं. धाकट्यानं दगड वेचून वेचून त्या माळाचं रान केलं. ते पिकायला लागलं आणि थोरल्याच्या डोळ्यात खुपायला लागलं. वाट बंद केली की खत जाणार नाही, बी जाणार नाही, माल उतरणार नाही. रान पडीक पडलं की धाकटा आपणहून येऊन म्हणेल, दादा, घे बाबा तूच. असा सरळ हिशेब.

धाकट्याच्या गोठ्यामागं बापाची जुनी जीप पडली होती. बापानं ती सरकारी लिलावात घेतली होती. त्या काळी चिखल असो की दगड, ती कुठंही जायची. आता तिची चाकं मातीत रुतलेली, तळाचा पत्रा गंजून गळलेला, त्या भोकातून वेल वर येऊन स्टिअरिंगला गुंडाळलेला. कुत्री दर खेपेला तिच्याखालीच व्यायची. वाटणीआधीच थोरल्यानं तिचं इंजिन काढून आपल्या कडबा कापायच्या यंत्राला जोडलं होतं. इंजिनाबरोबर जे काय निघालं ते त्याच्या खुराड्याशेजारी पडून होतं. उरलेला सांगाडा त्यानं धाकट्याच्या वाट्याला दिला. वर म्हणाला होता, बापाची आठवण राहू दे तुझ्याकडं.

त्या दिवशी दुपारी धाकटी जीपपुढं कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ही जाईल त्या चढानं," ती म्हणाली.

"हिच्यात इंजिन नाही," धाकटा म्हणाला.

"तुमच्यात तरी कुठं आहे? तरी चालताच की."

मी तिथंच होतो. मला हसू आलं, पण धाकट्याचं तोंड बघून मी ते गिळलं.

मिस्त्रीचं गॅरेज डांबरी सडकेला होतं. हात सोन्यासारखा आणि तोंड गटारासारखं, असा माणूस. त्याचं बायकोशी पटलं नाही, मुलाशी पटलं नाही, आणि गिऱ्हाइकाशी तर पटवून घ्यायचं असतं हेच त्याला ठाऊक नव्हतं. जीप बघायला तो आला, भोवती एक चक्कर मारली, चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, हातोडीचे ठोके दिले, कान लावला.

"ही गाडी नाही, मढं आहे," तो म्हणाला. "मढ्याला कोणी दवाखान्यात नेतं का?"

"चासी कशी आहे तेवढं सांगा," धाकटी म्हणाली.

"चासी शाबूत आहे. जुनं लोखंड आहे ते, तुमच्यासारखं चिवट. पण बाकी काय आहे इथं? ब्रेक नाही, स्प्रिंगचे पाटे तुटलेत, टायरात उंदरांनी घरं केलीत. खिशात काय आहे तुमच्या?"

"खिसा फाटकाय. हात आहेत."

"हात मला पण आहेत."

"तुमच्या गॅरेजचं छप्पर गळतं. यांनी आमच्या गोठ्याचं छप्पर स्वतः बांधलंय, दोन पावसाळे थेंब आला नाही. आणि तुम्ही गाडीखाली उताणे पडून काम करता, पाठ धरून उठता. तुम्हाला खाली उभं राहायला खड्डा पाहिजे, बांधीव. हे खणतील, मी दगड वाहीन."

मिस्त्री थुंकला. "बाई, तू माझ्या पाठीची काळजी करू नकोस," असं म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी खड्ड्याच्या जागेवर चुन्यानं रेघ मारून ठेवली.

सगळा उन्हाळा त्यात गेला. धाकटा सकाळी मिस्त्रीचा खड्डा खणायचा, दुपारी जीपचा गंज घासायचा. घासून घासून त्याच्या बोटांचे ठसे गेले. तळाला पत्रा म्हणून धाकटीनं तेलाचे जुने डबे कापून सरळ केले, मिस्त्रीनं ते शिव्या देत देत डागले. पाटे एका मोडलेल्या ट्रॉलीचे आले. इंजिन आणि गिअरबॉक्स भंगारवाल्याकडं सापडले, तसल्याच जीपचे, पण नुसत्या मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या. त्यापायी धाकटीनं दुभती म्हैस विकली. गोठ्यातून म्हैस निघाली तेव्हा नवरा-बायको दोन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत.

गावानं काय साथ दिली म्हणाल, तर तोंडसुख घेतलं. पारावर बसणारे म्हणायचे, "म्हैस विकून मढं घेतलं." मीही त्यांच्यात बसून हसलोय, खोटं कशाला बोलू.

थोरला एकदा गॅरेजवर गेला. मिस्त्रीला म्हणाला, "त्याचं काम केलंस तर माझा ट्रॅक्टर इथं येणार नाही."

"ट्रॅक्टर कोणाकडं न्यायचा ते तू ठरव," मिस्त्री म्हणाला. "मी काय करायचं ते मी ठरवतो. आणि उन्हाच्या आड उभा राहू नकोस, इथं माझा रंग वाळतोय."

तोवर मिस्त्री अर्ध्या मनानं काम करत होता. त्या दिवसापासून त्यानं ते हट्टाला पेटून केलं. मायेनं नव्हे. कोणी आपल्याला सांगितलं, याचा राग.

इंजिन सुरू झालं, धूर निघाला, कुत्री पिल्लं घेऊन कायमची दुसरीकडं गेली. पण एक गोष्ट उरली. पुढच्या चाकांना जोर देणारा लोखंडी डबा पाहिजे होता. मिस्त्री त्याला ट्रान्सफर म्हणायचा. त्याच्याशिवाय जीप सडकेवर पळाली असती, चढावर नाही. भंगारात तो मिळेना. तो होता एकाच ठिकाणी, थोरल्याच्या खुराड्याशेजारी, आणि त्याच्यावर कोंबड्या बसायच्या.

धाकटा मागायला गेला. सोबत मला नेलं, कारण एकट्याचा धीर होईना.

"दादा, तो डबा तुझ्या काही उपयोगाचा नाही."

"आहे. कोंबड्या बसतात त्याच्यावर."

"बदल्यात काय पाहिजे सांग."

"वरचं रान."

"डब्याच्या बदल्यात रान?"

"मग विहिरीत घालीन, पण तुला देणार नाही."

माणूस रागात असं बोलतो. थोरल्यानं ते करून दाखवलं. दुसऱ्या दिवशी भरउन्हात तो डबा पहारीनं ढकलत विहिरीच्या काठावर आणला आणि आत लोटला. आवाज माझ्या खळ्यापर्यंत आला.

धाकटा घरी जाऊन भिंतीला टेकून बसला. "संपलं," म्हणाला. "म्हैस गेली, उन्हाळा गेला."

धाकटी भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. "कुठल्या विहिरीत टाकला?"

"कुठल्या म्हणजे? विहीर आहेच कुठं दुसरी."

"तीच ना? एक दिवस त्यांचा, एक दिवस आपला?"

धाकट्यानं मान वर केली.

"उद्या कोणाचा दिवस?"

"आपला."

"मग जेवून घ्या," ती म्हणाली.

सकाळी आम्ही तिघं दोर आणि गळ घेऊन विहिरीवर गेलो. उन्हाळ्यानं पाणी खाली गेलं होतं, तरी पुरुषभर होतं. गळ टाकून पाहिला, डबा हलेना. मग धाकटा कमरेला दोर बांधून उतरला. बुडी मारायचा, वर यायचा, खोकायचा, पुन्हा बुडी. गाळात रुतलेल्या डब्याभोवती दुसरा दोर फिरवायला त्याला दम पुरेना. आम्ही वरून दोर धरून उभे. तेवढ्यात थोरला आला.

"माझ्या विहिरीत काय चाललंय?"

धाकटीनं दोर सोडला नाही, मागंही बघितलं नाही. "आज आमचा दिवस आहे, भाऊजी. पाणी आमचं, गाळही आमचा. गाळ काढतोय."

"डबा माझा आहे तो."

"तुमच्या खुराड्यात होता तोवर तुमचा. आमच्या पाण्यात टाकलात."

"निम्मं पाणी माझं आहे."

"मग निम्मा डबा तुमचा. करवत आणू का?"

थोरला पहिल्यांदा तिच्याकडं सरळ बघून बोलला. "तुझी जीभ फार चालते."

"पाय चालायची वाट तुम्ही बंद केलीत. काहीतरी चालायला पाहिजे."

त्यानं दोराला हात घातला. मी तोवर या दोघांच्या भांडणात कधी पडलो नव्हतो. पण खाली पाण्यात माणूस होता, आणि दोर त्याच्या कमरेला होता. मी थोरल्याच्या हातावर हात ठेवला. म्हणालो, "खाली तुझा भाऊ आहे, गड्या. दोर सोड." त्यानं माझ्याकडं असं बघितलं की माझ्याच गावात मला परकं वाटलं. पण दोर सोडला. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. आजपर्यंत.

डबा वर आला तो चिखलाचा गोळा होऊन. मिस्त्रीनं तो उघडला, रॉकेलनं धुतला, आतल्या चक्रांचे दात तपासले आणि म्हणाला, "तुझ्या भावाला अक्कल असती तर दगडावर आपटला असता. पाण्यात टाकून धुऊन दिलाय." बेअरिंग मात्र सगळी बदलावी लागली. त्यासाठी धाकट्यानं मिस्त्रीच्या घराची भिंत बांधून दिली.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा जीप चढाच्या पायथ्याशी उभी राहिली. मागं खताची पोती. गाव जमलं होतं. मदतीला कोणी नव्हतं, सगळे बघायला आलेले. थोरला आपल्या बांधावर हाताची घडी घालून उभा.

धाकटा जीपच्या बाजूला उभा होता. बाप असताना स्टिअरिंगला नेहमी थोरला बसायचा. धाकटा चालवायला मिस्त्रीकडं शिकला होता, तेही शिव्या खात, सपाट सडकेवर.

"मिस्त्री, तुम्ही चढवा," तो म्हणाला.

"रान तुझंय," मिस्त्री म्हणाला. "मेलास तर तू मर."

धाकटा बसला. जीप गुरगुरत चढाला लागली. सुटे धोंडे चाकाखालून गोळीसारखे उडत होते. पहिल्या वळणावर इंजिन बंद पडलं आणि जीप मागं सरकायला लागली. ब्रेक दाबूनही सरकत होती. गावकरी बाजूला पळाले. धाकटी मागून चालत होती ती दगड घेऊनच. तिनं तो चाकामागं सारला. चाक दगडावर बसलं, थांबलं.

"चालू करा," ती म्हणाली.

"तू बाजूला हो आधी."

"मी बाजूला झाले तर गाडी खाली जाईल. चालू करा."

अशी ती जीप चढली. थोडी वर, थांबली की दगड, पुन्हा थोडी वर. खालून कोणीतरी म्हणालं, "उलटणार आता." बांधावरून थोरला म्हणाला, "उलटू दे." ते धाकट्याला ऐकू गेलं असावं. कारण त्यानंतर त्यानं मागं वळून बघितलंच नाही, गिअर टाकला आणि शेवटच्या टेपाडावर जीप अशी नेली की पुढची चाकं माळावर टेकली तेव्हा मागची हवेत होती. मग तीही टेकली.

मी धापा टाकत वर पोचलो. धाकटा स्टिअरिंग धरून नुसता बसला होता, हात सुटत नव्हते. धाकटी पदरात हात गुंडाळून उभी होती. पदर लाल झाला होता. पहिल्याच दगडाला तिची दोन बोटं चाकाखाली सापडली होती, आणि ती त्यानंतर सगळा चढ तशीच दगड लावत आली होती.

"बोलली का नाहीस?" धाकटा म्हणाला.

"तुम्ही थांबला असता."

नखं गेली, एक बोट वाकडं राहिलं. पण खत पडलं, बी पडलं, आणि माळावर त्या वर्षी पीक कमरेला लागलं.

सुगीच्या आधी एके दिवशी बघतो तर वाटेवरच्या काट्या नाहीत. धोंडेही बाजूला. थोरल्यानं कोणाला काही सांगितलं नाही. वाट अडवून काही साधत नव्हतं, उलट त्याच्याच गुरांच्या पायात काटे मोडायला लागले होते. मी त्या वाटेनं जायला लागलो, बाकीचेही लागले.

धाकटा मात्र नाही. रोज सकाळी जीप ओढ्याकडं वळायची आणि पहिल्या गिअरमध्ये बोंबलत चढायची. थोरल्याचं घर चढाच्या बरोबर समोर आहे. सकाळचं पहिलं चूळ भरणं त्याच आवाजात.

एकदा मी धाकटीला म्हणालो, "वाट उघडी झालीय. डिझेल कशाला जाळता?"

वाकड्या बोटाच्या हातानं ती पोती चाचपत होती. "उघडी त्यांनी केली, उद्या बंदही तेच करतील," ती म्हणाली. "चढ कोणाच्या बापाचा नाही."

मग ती नवऱ्याकडं वळून म्हणाली, "जरा जास्त रेस द्या. आज अजून ते उठलेले दिसत नाहीत."