बुडणाऱ्या काकू

जीवरक्षकाच्या परीक्षेत बुडायचं काम दरवर्षी जलतरण तलावाच्या उपाहारगृहातल्या काकूंकडे असे. वजन ब्याण्णव किलो, पोहण्यात तरबेज आणि नाटकाची हौस दांडगी. "ज्याने मला ओढून काठाला लावलं, तो कुणालाही लावेल," असं त्या सांगत. अंतर पन्नास मीटर, वेळ दोन मिनिटं.

यंदाच्या सात उमेदवारांत त्यांची एकोणीस वर्षांची पुतणी होती. पास झाली तर उन्हाळाभर तलावावर नोकरी. पण शुक्रवारच्या सरावात तिसाव्या मीटरलाच तिचे हात गळाले, डोळ्यांपुढे अंधारी आली. शेवटी बुडणाऱ्या काकूंनीच तिला बखोटीला धरून काठावर आणलं. बाकीचे खो-खो हसले.

काकू हसल्या नाहीत. "सकाळपासून काय खाल्लंस?"

"काकडी."

"आणि काल?"

"काकडीच. आठवडा झाला." पुतणीने टॉवेल घट्ट गुंडाळला. "तो जीवरक्षकांचा लाल पोशाख पाहिलात ना? त्यात नुसतं पोट दिसतं. मैत्रिणीने त्यातल्या माझ्या फोटोखाली लिहिलंय, जहाज आलं."

"मग मी काय, बंदर?"

पुतणीला हसू आवरेना.

"आठवडाभर उन्हातान्हात काकडीवर! लोकांना वाचवायचंय की आधी आपणच बुडायचंय?"

"वाचवायचंय."

"मग बस."

काकूंनी दोन उकडलेली अंडी, बटाटे आणि वाडगाभर दही पुढे ठेवलं. पहिल्या अंड्याकडे तिने शत्रूकडे पाहावं तसं पाहिलं. तिसरं मागून घेतलं. शनिवारी ती तीनदा वेळेवर जेवली, मधल्या वेळी कलिंगड खाल्लं, आणि फोन स्वतःहून काकूंच्या खणात टाकला.

रविवारी चार वाजता परीक्षकांनी शिट्टी फुंकली. काकूंनी असा टाहो फोडला की शेजारच्या पट्ट्यात पोहणारे आजोबाच मदतीला धावले. त्यांना परत पाठवावं लागलं. पुतणीने ठरल्याप्रमाणे बेशुद्ध पडलेल्या काकूंच्या काखेत हात घातले आणि पाय मारायला सुरुवात केली. तिसाव्या मीटरला वेग मंदावला.

"पाय! पाय मार गं!" काकू ओरडल्या.

"बेशुद्ध माणूस बोलत नाही," परीक्षक म्हणाले.

"शुद्धीवर आलेय मी!"

"मग स्वतः पोहत या."

काकूंनी झटकन डोळे मिटले आणि मान टाकली. सगळा काठ हसला. पुतणीही हसली, तिच्या नाकातोंडात पाणी गेलं, पण पाय थांबले नाहीत. एक मिनिट एक्कावन्न सेकंद.

ती काठावर उताणी पडली. पोट भात्यासारखं वरखाली होत होतं, आणि ते आत ओढून धरायचं तिला सुचलंही नाही.

"पास," परीक्षक म्हणाले. "पुढचा उमेदवार!"

काकू तोवर पुन्हा पाण्यात उतरल्या होत्या. "जरा थांबा," त्यांनी बजावलं, "या खेपेला खोल बुडते."