पिवळ्या महाराजांचं लाल फडकं

शेळीबाजाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. ओट्यावर पिवळे महाराज बसले होते. कफनी पिवळी, टिळा पिवळा, हातातलं फडकंही पिवळं. शेळी पुढे आली की महाराज घागरीतल्या तीर्थाने तिचं तोंड धूत, फडक्याने पुसत, आणि फडकं लालभडक!

"बघा, रोगाचं विष! मुळासकट उपटलं! शंभर वर्षं जगेल ही!"

शेळी शंभर वर्षं जगून करणार काय, हे कुणी विचारलं नाही. हात मात्र सगळ्यांनी जोडले.

रांगेत दूधवाली आपल्या भुरी शेळीचं दावं धरून उभी होती. भुरी धडधाकट होती, पण साथ आली होती आणि घर चालत होतं ते भुरीच्याच दुधावर. मागच्या साथीत लस टोचलेल्या काही शेळ्या मेल्या, तेव्हापासून सासूबाईंनी सुईचा धसकाच घेतला होता. "महाराजांकडेच ने," त्यांनी बजावलं होतं. पुढे लोहाराचा बोकड होता, नाकातोंडातून लाळ गाळत. त्याचं तोंड पुसून झालं, मग भुरीचं.

तेवढ्यात लसीचा डबा काखोटीला मारून गुरांची डॉक्टरीण गर्दीत घुसली.

"महाराज, थोडं तीर्थ द्या. माझ्या चपलेला बरं नाही."

लोक खदखदून हसले. महाराज "अगं ए!" म्हणेपर्यंत तिने घागरीत हात बुडवून चप्पल ओली केली आणि फडक्याच्या अजून पिवळ्या टोकाने पुसली. फडकं लाल!

"अरेरे, चपलेलाही साथ लागली! बायांनो, हळदीचा डाग साबणाने धुतला की काय होतं?"

"लाल होतो!" साऱ्याजणी एका दमात म्हणाल्या आणि एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"साबणाने होतो तसाच चुन्यानेही होतो. घागरीत चुन्याची निवळी आहे, फडकं हळदीत बुडवून वाळवलेलं. विष कसलं आणि काय!"

"नास्तिक बाई! भोगशील!" महाराज गरजले, पण एक पाय ओट्याखाली होताच. घागर तिथेच टाकून स्वारी पसार झाली.

शेडमध्ये हशा पिकला. दूधवालीला मात्र हसू येईना. ती डॉक्टरीणबाईंजवळ गेली.

"ताई, त्याच फडक्याने आधी लोहाराच्या बोकडाचं तोंड पुसलं. मग माझ्या भुरीचं."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. "लस टोचते. पण लसीला अंगात भिनायला दिवस लागतात. रोग आधीच शिरला असेल तर ती काही करू शकत नाही. मागच्या साथीत तेच झालं आणि नाव सुईचं झालं. आताही भुरी गेली तर सुईचंच नाव होईल. टोचू?"

"टोचा. लोकांना काय सांगायचं ते मी बघते."

भुरीला तिने घरी नेलंच नाही, शेडमागच्या रिकाम्या खोपीत वेगळी बांधली. घरी भुरीची दोन करडं होती. त्यांना सासूबाई हात लावू देईनात. "एकीला टोचलीस तेवढं पुरे!"

भुरी तापाने फणफणली. तोंड फोडांनी भरलं, चारा सुटला, आणि एका सकाळी ती उठलीच नाही. दूधवाली तिच्या मानेवर हात ठेवून पोटभर रडली.

बातमी शेडमध्ये तिच्या आधी पोचली. "सुईनेच खाल्ली तिला!" म्हणत लसीच्या रांगेतले लोक दावी सोडू लागले होते. दूधवाली रिकामं दावं हातात घेऊन मधोमध उभी राहिली.

"थांबा! माझी भुरी सुईने नाही गेली. आजारी बोकडाची लाळ त्या फडक्याने तिच्या तोंडात गेली, आणि मी तिचं डोकं धरून उभी होते! हळदीचे डाग मी जन्मभर धुतेय. फडकं लाल का झालं, एवढं विचारलं असतं तर ती आज चरत असती. तुम्ही तरी विचारा! बुवाला विचारा, डॉक्टरला विचारा, पण विचारल्याशिवाय जनावर पुढे करू नका. आणि टोचायचं तर रोग दारात यायच्या आधी टोचा!"

 मग मागून वाट काढत सासूबाई आल्या. दोन्ही काखांत दोन करडं ओरडत होती. त्यांनी सुनेकडे पाहिलं नाही. करडांना डॉक्टरीणबाईंच्या पुढ्यात ठेवून त्या म्हणाल्या, "मी धरते. टोचा."

लोहाराने आपल्या दुसऱ्या शेळीचं सोडलेलं दावं पुन्हा खांबाला बांधलं.