रिसीव्हर ठेवू नये

“शब्द आला की... शब्द आला की...” मावशीने डावा हात टेबलावर आपटला. “मेला!”

शिव्या तिच्या अडत नव्हत्या. पक्षाघातानंतर साधं पाणी मागायला तिला घाम फुटायचा, पण ‘मेला’ आणि ‘मुडदा’ खणखणीत यायचे. जिभेवर मुरलेले शब्द मेंदूतून वेगळ्या वाटेने येतात, असं वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं. मी विज्ञान शिकलेली, मला त्या वाटेचं कुतूहल होतं. मावशीला नव्हतं. तिला शनिवारी वाचनालयात स्वतःची कविता वाचायची होती, एवढंच.

तिने नोकरीभर रुग्णालयाचा टेलिफोन बोर्ड सांभाळला. प्रसूती विभाग, अपघात विभाग, शवागार, ज्याला जे हवं ते जोडून दिलं. कविता लिहिण्याबद्दलची तिची कविताही त्याच खुर्चीतली:

शब्द आला की बसायला देऊ नये,
उभ्यानेच विचारावं, कोणाकडून आलास?
वाचणाऱ्याला जोडून द्यावं
आणि आपण मधून निघून जावं.
पलीकडून कोणी बोललं नाही,
तरी रिसीव्हर ठेवू नये.

“ताई, हट्ट सोड,” मामा चहा ओतून घेत म्हणाला. “पोरगी वाचेल. तू शेजारी ऐटीत बस. चारचौघांत अडकलीस तर हसं होईल.”

“होईल,” मावशी म्हणाली. जरा थांबली. “तुझं.”

मामाला ठसका लागला.

“अगं, पण हिचा आवाज बरा आहे.”

मावशीने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. “माझा.”

मी प्रत्येक ओळीच्या पहिल्या अक्षराच्या चिठ्ठ्या करून दिल्या. त्या केराच्या टोपलीत सापडल्या. ती न्हाणीघरात नळ सोडून सराव करायची. बाहेर उभं राहिलं की पाण्याच्या आवाजात अर्ध्या ओळी ऐकू यायच्या, मग शिवी, मग पुन्हा पहिल्यापासून. हळूहळू सगळी कविता आली. ‘रिसीव्हर’ तेवढा कधी यायचा, कधी दगा द्यायचा.

“मग ‘फोन’ म्हण,” मी सुचवलं. “अर्थ तोच.”

प्रसूती विभागाचा फोन मी शवागाराला जोडल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं.

“फोन... हलका,” ती म्हणाली. “तो... हातात... जड.” आणि डावी मूठ वरखाली करून तिने मला ते वजन दाखवलं.

शनिवारी वाचनालयातल्या खुर्च्या बऱ्यापैकी भरल्या होत्या. मावशी काठी टेकत पुढे गेली. काठी टेबलाला लावली, कागद पसरला, पण त्याकडे पाहिलं नाही. शब्द एकेक करून आले. ‘कोणाकडून आलास?’ असं तिने विचारलं तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका बाईने नकळत मान वर केली. मी मनातल्या मनात प्रत्येक ओळ तिच्या आधी म्हणत होते.

“पलीकडून कोणी... बोललं नाही,” मावशी म्हणाली. “तरी...”

पुढे काही येईना. तिचे ओठ हलत होते.

“अगं, सांग ना तिला!” मामाने मला कोपराने ढोसलं.

मी तोंड उघडलं. मावशीने तिथूनच तळवा दाखवून मला थांबवलं. मग तोच हात मिटला, कानाशी नेला आणि तिथेच धरून ठेवला.

टाळी वाजली नाही. आभार मानायला संयोजकांनी खुर्ची मागे सरकवली होती, ती त्यांनी आवाज न करता पुन्हा पुढे घेतली. मामाचं कोपर अजून माझ्या बरगडीलाच टेकलेलं होतं.

मावशी ऐकत उभी होती.