आकसलेला कोपरा

चंदाचा राग म्हनजे काडीपेटी. नववीत बाईनं सगळ्या वर्गासमोर हिची वही फेकली, त हिनं दप्तर उचललं, घरी आली, ते परत शाळेत गेलीच नाही. पन पोरीच्या नजरेतून काही सुटत नसे. कोनाचा दरवाजा खाली घासते, कोनाच्या धानाच्या बांधीतून पानी फुटून राहिलं, सगळं हिले आधी दिसे. अन् वाकडं दिसलं का हिचे हात खाजवत.

त्या हिवाळ्यात घरकुलाची नवी खोली झाली. समोरची भिंत मोठी, गुलाबी रंगाची. एका बाजूले आजोबाचा हार घातलेला फोटो, बाकी सफाचट. केशोरी गावची धुरपता आत्या, चंदाच्या बापाची मोठी बहीन, पहिल्यांदा खोली पाहाले येनार होती. चंदानं ठरवलं, आपल्या जन्माच्या वक्ताले आत्यानं शिवलेली गोधडी त्या भिंतीवर लावाची. शहरातले लोक तशा लावतेत, हे तिनं मोबाईलवर पाहिलं होतं. आत्यानं आत याचं, पाहाचं अन् खुश व्हाचं. एवढंच पाहिजे होतं तिले.

आदल्या दिवशी दोरी बांधून, कपड्याच्या चिमट्यांनं गोधडी टांगली. गोधडी जड, दोरीनं मधात झोल खाल्ला, चिमटे एकामागून एक उडाले. संध्याकाळी पाहते त गोधडी खाली अन् तिच्यावर मांजर झोपलेलं. रात्री थंडी पडली, त चंदानं मांजराले हाकललं अन् तीच गोधडी अंगावर घेतली.

सकाळी मंग सिमेंटचे खिळे आनले. ठोकता ठोकता दोन वाकले, एकानं बोटभर पलस्तर घेऊन उडी मारली. लहाना भाऊ गुड्डू दारात उभा राहून विचारे, भिंत बांधली का चाळनी. चंदानं त्याले हातोडी दाखवली, तो पळाला.

पन खरी पंचाईत खाली होती. उजवा कोपरा वर चढलेला. तिथं लाल तुकडा होता, जरीकाठाचा, त्याच्या भवताल सगळी गोधडी चुरगळल्यासारखी. चंदानं ओढली, तानली, शेवटी त्या लाल तुकड्यातूनच खिळा ठोकला. आता बरोबर. चौकोनी पाट जसा.

आत्या आली. पाय धुतले, खोलीत आली. भिंतीकडं पाहिलं, बाजूच्या फोटोकडं पाहिलं, अन् बाहेर ओसरीत जाऊन बसली. चहा तिथंच घेतला. चंदाच्या मायनं, प्रेमिलानं, आत बोलावलं, त म्हने इथंच बरं आहे. वरून दुपारच्याच बसनं परत जातो म्हनाली. ही त राहाले आली होती ना, मायले काही समजेना.

चंदाचं डोकं तापलं. ती ओसरीत गेली अन् आत्यासमोर उभी राहिली.

"आत्या, का झालं ते सांग ना. मी सकाळपासून मरमर करून राहिली, अन् तू तोंड फिरवून बसली."

आत्यानं कप खाली ठेवला. "भिंतीवर कोन राहते वं? जो गेला तो. माही गोधडी नेऊन बुवाच्या, माह्या बापाच्या, फोटोबाजूले लटकवली. तुमच्या घरी ब्लँकेटं आली, तिचं काम सरलं, त तसं सांगाचं."

  चंदा एकदम म्हनाली, "काल रात्री तेच घेऊन झोपली होती मी. रोजच झोपतो. मायले विचार. दुसरं घेतलं त मले झोप येत नाही."

आत्यानं दारातून भिंतीकडं बोट दाखवलं.

"मंग त्या लाल तुकड्याले खिळा कायले ठोकला?"

"वाकडा होता. सरळ करून राहिली होती."

"तो सरळ होत नसते, पोरी." आत्याचा आवाज खाली आला. "गोधडीले जुनं कापड लागते, धुवून धुवून नरम झालेलं. बाकीचं सगळं जुनंच आहे. पन तू झाल्याची खबर आली, अन् कोपऱ्याले एक तुकडा कमी पडला. मले धीरच निघाला नाही. माह्या लग्नातलं लुगडं होतं, दोनदाच नेसलेलं. त्याचा पदर कापला. पहिल्या धुन्यातच आकसला मेला. तुही माय म्हने, उसवून दुसरा लावा. मी म्हटलं, राहू दे."

चंदा आत गेली. पकडीनं एकेक खिळा काढला, कापडाले जपून, जसा पायातला काटा काढतेत. गोधडी ओसरीत आनून आत्याच्या मांडीवर टाकली अन् सांगितलं का आता भोकं मारनार नाही. परकराले नाडीसाठी नेफा असते ना, तसा गोधडीच्या मागून वरच्या काठाले लावू. त्याच्यातून कपडे टाकाचा बांबू घालू, अन् बांबू दोन आकड्यांवर ठेवू. उचलला का आला.

"रोज झोपताना काढाची?" आत्यानं विचारलं.

"रोज."

मंग दोघीही उन्हात शिवाले बसल्या. बस रस्त्यावरून गेली, कोनी मान वर केली नाही. नेफ्याचे टाके फक्त मागच्या कापडातून घ्याचे होते, पुढं दिसाले नाही पाहिजे. चंदाचे टाके पाहून आत्या म्हने, हे टाके आहेत का चिखलातले बैलाचे पाय, अन् अर्धे उसवाले लावले. दुसऱ्या कोनी म्हटलं असतं त चंदानं सुई फेकली असती. तिनं उसवले. लाल तुकड्यातलं भोक मात्र आत्यानं स्वतः भरलं, लाल धाग्यानं.

संध्याकाळी बाप, दुधराम, बांधीवरून आला, त त्याले आकडे ठोकाले लावले. आजोबाच्या बाजूले नाही, खाटेसमोरच्या दुसऱ्या भिंतीवर. गोधडी चढली. सगळीकडून सारखी लटकली, फक्त एक कोपरा वर उचललेला. गुड्डू तो खाली ओढाले गेला, त चंदानं त्याच्या हातावर चापट मारली.

"राहू दे. तो तसाच आहे."

आत्या खाटेवर बसून पाहात होती. पदरानं तोंड पुसलं, आडवी झाली, पाय पोटाशी घेतले.

"चांगली दिसते," ती म्हनाली. "आता काढ तिले. मले थंडी वाजून राहिली."