मे महिन्यात सरकवलेल्या चिठ्ठ्या

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. जुना म्हणजे अवघा सव्वा वर्षाचा. पण ज्याची गरज संपते, तो लवकर जुना होतो.

आखाडा बाळापूरच्या बाजारामागे पत्र्याची एक खोली आहे. तिथे अकरा बायकांचा गट हळद दळतो, पुड्या भरतो आणि विकतो. या गटातल्या प्रियंकाने एक उतरवलेला फ्लेक्स आणला आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर मला आखलं. पुढच्या बाजूला कोणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या. तो हारासकट तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

प्रियंका रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. तिने माझ्यावर सात उभे रकाने आखले आणि सहा ओळी. एकतीस दिवसांचा महिना शनिवारी सुरू झाला, तर पाच ओळी पुरत नाहीत, हे तिने आधीच मोजलं होतं. एकेक घर म्हणजे एकेक दिवस. त्या दिवशी गटाच्या ऑनलाइन पानावर कोणता फोटो जाणार, कोणता व्हिडिओ, किती वाजता, खाली काय लिहायचं, हे चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी घरात टाचायची. महिन्याचं सगळं आधी ठरायचं. मग प्रियंका आठवड्याभराचं एकदम फोनमध्ये भरायची आणि वेळ लावून ठेवायची. बायका शेतात असल्या, लग्नाला गेल्या, तरी सकाळी नऊला पोस्ट पडायचीच.

माझे नियम दोनच होते. चिठ्ठी बदलायची तर सोमवारच्या बैठकीत, सगळ्यांसमोर. आणि रोज सकाळी आठला कोणीतरी माझ्यासमोर उभं राहून विचारायचं, "आज हे चालेल का?" कारण लिहिलं तेव्हाचा दिवस आणि आजचा दिवस सारखा असतोच असं नाही.

गटातल्या चार जणींना वाचता येत नव्हतं. त्यांच्यासाठी प्रियंकाने चिठ्ठीच्या कोपऱ्यात खुणा काढल्या. नितामावशीची चाळणी, कोणाचं सूप, तर सत्यभामाबाईंची कढई. हळद शिजवण्यात त्यांचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. त्या आल्या की आधी माझ्याकडे यायच्या.

"पोरी, माझी कढई कोणत्या घरात हाय?"

"परवाच्या घरात, मावशी."

"मग उद्या डोकं धुऊन येते. मागल्या बारीला झिपऱ्या दिसल्या माझ्या समद्या जगाला."

त्यांचा एक व्हिडिओ चाळीस हजार लोकांनी पाहिला. त्यात त्या शिजलेल्या हळकुंडात काडी टोचून सांगतात, "काडी आरपार गेली की हळद शिजली. न्हाई गेली तर हळद बी कच्ची अन् तुमी बी कच्च्या." नागपूर-पुण्याहून लोक लिहायचे, मावशींना अजून बोलू द्या. तेव्हा गटप्रमुख शकुंतलाबाई पाहुण्यांना माझ्यासमोर उभं करून सांगायच्या, "हे आमचं डोकं हाय बघा. याच्यात लिहिलं ते होतंच." मला अभिमान वाटायचा. खोटं कशाला बोलू?

फेब्रुवारीत लग्नसराईची आखणी झाली. एप्रिलच्या मध्यापासून सलग बारा दिवस 'लग्नघरची हळद'. बाराही दिवस सत्यभामाबाई. वाटण कसं करायचं, नवरीच्या अंगाला किती लावायची, कपड्याचा डाग कसा काढायचा. व्हिडिओ काढून झाले. एप्रिलमध्ये माझ्यावर ओळीने लावायच्या बारा कढया लिहून तयार झाल्या. त्यांचे मालक मुंजाजी एकदा खोलीवर आले आणि फोनवर ते व्हिडिओ पाहून म्हणाले, "लग्नाच्या येळंला समदं गाव बघंल की गं तुला. म्या तर घरात फुकटच बघून राहिलो इतके साल."

मार्चमध्ये मुंजाजी वारले. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं.

दुसऱ्या दिवशीच्या घरात सत्यभामाबाईंचा एक हसरा व्हिडिओ होता. सकाळी आठला नितामावशी माझ्यासमोर आल्या आणि तशाच प्रियंकाकडे धावल्या. पोस्ट थांबली. त्या सकाळी मी माझं काम चोख केलं, मित्रांनो.

तेरावं झाल्यावर, एप्रिलच्या सुरुवातीला, सत्यभामाबाई कामावर आल्या. कपाळ मोकळं होतं. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि बोटाने एकेक कढई मोजली.

"बाराच्या बारा हायत ना, पोरी?"

"हायत, मावशी."

"राहू दे. त्यायला लई हौस होती."

एवढंच बोलून त्या चाळणीवर बसल्या. लग्नाच्या पुड्यांची हळद त्यांनीच चाळली, पुड्याही त्यांनीच भरल्या.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी, शकुंतलाबाई एकट्या प्रियंकाला घेऊन आत आल्या आणि दार लोटलं.

"कळमनुरीहून आपल्या मोठ्या गिऱ्हाइकाचा, तातेरावांचा फोन होता. त्यांच्या पोरीचं लग्न हाय. म्हणले, व्हिडिओतल्या बाईचे मालक गेले म्हणता, मग हळदीच्या कामाला तिचंच तोंड काहून दाखवता?"

"काकू, हळदीला काय कळतं?"

"हळदीला न्हाई कळत. गिऱ्हाइकाला कळतं."

"सोमवारी बैठकीत बोलू. मावशींसमोर."

"तिच्यासमोर बोलशील तू? बोल मग. मला तर तोंड न्हाई." शकुंतलाबाई खाली बसल्या. "आमची ऐश्वर्या हाय ना. नवी सून, हिरवा चुडा. तिला घे. आज काढ, आज लाव."

मला वाटलं, प्रियंका नाही म्हणेल. पाण्याच्या पेल्यात चमचाभर हळद टाकून भेसळ कशी ओळखायची, हे तिनेच तर सगळ्यांना शिकवलं होतं. खरं असेल ते तळाशी बसतं, असं ती सांगायची. पण ती माझ्याजवळ आली. मग तिने एकेक टाचणी काढली. बारा टाचण्या. बारा चिठ्ठ्यांची घडी घालून पिशवीत ठेवली. नव्या बारा चिठ्ठ्या लावल्या. त्यांच्यावर बांगडी होती.

त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यावरची चिठ्ठी सोमवारशिवाय बदलली. जिची होती तिला न विचारता बदलली.

सोमवारी सत्यभामाबाई आल्या. बोट पहिल्या घरावर ठेवलं, दुसऱ्या, तिसऱ्या.

"माझ्या कढया?"

खोलीत अकरा बायका होत्या. नितामावशी चाळणी झटकत राहिल्या. प्रियंका म्हणाली, "मावशी, एप्रिल भरला. तुमच्या चिठ्ठ्या मेमध्ये सरकवल्यात. लग्नं मेमध्येच जास्त असतात ना."

"बराबर हाय," सत्यभामाबाई म्हणाल्या. "मेमधी तर मेमधी."

मी भरलो नव्हतो, मित्रांनो. मला भरलं होतं. ज्या बाईला वाचता येत नाही, तिला सांगायला माझा उपयोग केला. माणूस खोटं बोलतो तेव्हा निदान त्याचा आवाज हलतो. माझ्याकडे बोट दाखवून बोललेलं खोटं मात्र सगळ्यांना खरंच वाटतं, कारण ते आखलेलं असतं, त्याला तारीख असते.

ऐश्वर्याचे व्हिडिओ गेले. पोरगी गुणाची, पण तिला काही ठाऊक नव्हतं. सांगितलेलं पाठ म्हणायची. खाली लोकांनी विचारलं, "त्या काडीवाल्या मावशी कुठे आहेत?" प्रियंकाने उत्तर लिहिलं, "मावशी सध्या आराम करत आहेत," आणि पुढे हात जोडल्याचं चित्र टाकलं. मावशी तेव्हा तिच्यापासून चार हातांवर बसून पुड्या भरत होत्या.

मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी सत्यभामाबाई सगळ्यांच्या आधी आल्या. माझ्या सहाही ओळी त्यांनी बोटाने तपासल्या. मग पहिल्यापासून पुन्हा. प्रियंका आली तेव्हा त्यांचं बोट शेवटच्या घरावर होतं.

"जूनमधी सरकवल्या का?"

प्रियंकाने पिशवी खुंटीला अडकवली.

"अगं बोल. मला काय वाचता येतं का?"

"मावशी... तक्त्यात बसलं नाही."

"तक्त्याला काहून बोल लावतीस? त्याला हात हायत का चिठ्ठ्या काढायला?" त्यांचा आवाज चढला नाही. "मालक गेले म्हणून ना? मला वाटलंच होतं. पर मेमधी हाय म्हणालीस. म्या रोज सकाळी उठून म्हणले, पोरगी शिकलेली हाय, तिनं लिहिलं म्हणजे असंल."

"मावशी, लोक—"

"लोकांचं सोड. हळद चाळायला माझे हात चालले. पुड्या भरायला चालले. त्याच पुड्या नवरीच्या अंगाला लागल्या ना? मग एकटं तोंडच तेवढं बाटलं का माझं?"

सत्यभामाबाईंनी पदराने बोटाला लागलेली माझ्यावरची हळद पुसली आणि त्या निघाल्या. दारात थांबून म्हणाल्या, "तवाच सांगितलं असतं, तर रडले असते अन् मागं बसले असते. तुमी मला तीन आठवडे वाट पाहायला लावली."

त्या पुन्हा आल्या नाहीत. प्रियंका दोनदा त्यांच्या घरी गेली. दोन्ही वेळा त्यांनी चहा पाजला आणि कामाचा विषय काढू दिला नाही. आता आखणी फोनमध्येच होते. मला उतरवून पोत्यांमागे गुंडाळून ठेवलं आहे.

मित्रांनो, तुम्हीही उद्याचं आज लिहाल. शाळेच्या कार्यक्रमाचं, सहलीचं, पथकाचं. जरूर लिहा, त्याने काम सुकर होतं. पण एखाद्या घरात कोणाचं नाव लिहिलंत, तर ते माणूस त्या तारखेची वाट पाहत असतं, एवढं ध्यानात ठेवा. नाव काढणं भाग पडलं तर त्याला समोर बसवा, कारण सांगा, आणि त्याच्यादेखत काढा. त्याच्या पाठीमागे काढून मग माझ्याकडे बोट दाखवू नका. मला नाही म्हणता येत नाही.