चर्चच्या घंटेचे शाळेचे दिवस

मी चर्चची घंटा. बोलणं हेच माझं काम. पण बरेच दिवस झाले, मला कुणी बोलतं केलेलं नाही. म्हणून आज आपण होऊनच बोलतेय. जवळून कुणी जात असाल तर घडीभर थांबा.

माझा जन्म पुण्यातल्या एका भट्टीतला. मिशनवाल्यांनी मला ओतून घेतलं आणि कडब्यात गुंडाळून, बैलगाडीतून खोडदच्या अलीकडच्या या वाडीत आणलं. दगडी चर्च, पुढे लिंबाचं झाड आणि दारासमोर दोन खांबांच्या मधे टांगलेली मी. ख्रिस्ती घरं मूठभरच होती, पण माझा आवाज आला की माणसं शेतामधल्या पांदीतून चालत यायची, दाराशी चपला काढायची आणि सतरंजीवर बसून गीतं म्हणायची.

मला दोनच तऱ्हांनी बोलता येतं. उपासनेला बोलवायचं असेल तर भरभर, एकाला एक लागून. कुणी गेलं असेल तर सावकाश. एक ठोका, मग बराच वेळ गप्प, मग दुसरा. इथली माणसं हे दोन आवाज झोपेतसुद्धा ओळखतात.

पुढे त्यांची मुलं शिकून पुण्याला, पिंपरीला गेली. पाळकसाहेब जुन्नरहून महिन्यातून एकदा येऊ लागले. रोजची म्हणून उरली ती एकटी साळुबाई. नवऱ्यामागे चर्चचं आवार झाडायचं काम तिनंच धरलं होतं. झाडलोट झाली की माझ्याखाली बसून तंबाखू मळायची. तिकडे शिवारापलीकडे दुर्बिणीच्या त्या मोठाल्या तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या आहेत. आभाळातलं लई बारीक ऐकू येतं म्हणे त्यांना. माझं ऐकायला मात्र ही एक म्हातारी होती.

वाडीची शाळा आमच्या मागच्या अंगाला. एका पावसाळ्यात तिची भिंत फुगली. तपासायला आलेल्या साहेबांनी सांगितलं, आत एकही मूल बसवायचं नाही. नवी खोली होईपर्यंत दुसरी जागा बघा, नाहीतर मुलं मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत पाठवा. त्या रस्त्यावर कांद्या-टोमॅटोच्या गाड्या कशा धावतात, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

शाळेच्या शीलाबाई घरोघर फिरल्या. बांगड्या विकणारी नजमुन्निसा त्यांना माझ्याच समोर भेटली. तिची आरफा तिसरीत होती. वाचायची एवढी गोडी, की खताच्या गोणीवरची अक्षरंसुद्धा सोडायची नाही.

"बाई, मी बाजारच्या गावी जाते," नजमुन्निसा म्हणाली. "तो रस्ता माझी पोर एकटी वलांडायची न्हाई. मग काय, राहूंदे घरीच."

हे ऐकून साळुबाईच्या हातातला झाडू थांबला. संध्याकाळी तिनं सयाजीला गाठलं. सयाजी चर्चचा पंच, किल्ली त्याच्याकडे. ती म्हणाली, आठवड्याचे सहा दिवस चर्च कुलपातच असतं, पोरांना बसू दे. सयाजी नाही म्हणाला.

"आत्या, आज पोरं बसत्याल, उद्या गाव म्हनंल, आमी ती बाटवायला बसवली. आन् सतरंज्यांची वाट लागंल ती येगळीच."

"सतरंज्या उंदीर खात्यात. त्यांना न्हाई कधी अडवलंस तू."

सयाजीची भीती अगदीच खोटी नव्हती. गावातही कुजबूज झालीच. मग शीलाबाईंनी पालकांना बोलावलं, आणि साळुबाईनं सगळ्यांसमोर सांगितलं की शाळेच्या वेळात प्रार्थना नाही, गीत नाही. शाळा ती शाळा. पहिली मान हलवली नजमुन्निसानं. तेव्हा कुठे सयाजीनं किल्ली दिली, तीही बजावून. एक जरी तक्रार आली तर त्याच दिवशी कुलूप.

पहिल्या सकाळी शीलाबाईंनी दोर आरफाच्या हातात दिला. पोर एवढीशी. ती दोराला लोंबकळायची, मी कशीबशी एकदा वाजायचे, मग ती दम खात उभी राहायची. एक ठोका. बराच वेळ गप्प. मग दुसरा. काय चाललंय ते मला कळत होतं, पण घंटेला आपला ठोका गिळता येत नाही.

शेताशेतांतून माणसं धावत सुटली. सयाजी चिखलाच्या पायांनी आला, काखेत पांढरी चादर. मागून त्याची बायको पदर तोंडाला लावून रडत येत होती. जायच्या वयाचं ख्रिस्ती माणूस वाडीत दुसरं होतं कोण? साळुबाईच गेली, असं सगळ्यांनी धरलं होतं. आत येऊन बघतात तर साळुबाई मुलांच्या घोळक्यात मांडी घालून बसलेली.

"काय रं, कोन गेलं?" तिनं विचारलं.

सयाजीनं काखेतली चादर पाठीमागे लपवली. मग म्हणाला, "तू."

"बरं. मातीला आलायस, तर च्या पिऊन जा."

रडणारी बायको आधी हसली, मग सगळेच. माणसं टेकली. रविवारीसुद्धा इतकी माणसं आत बसलेली मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. आरफानं सरकून सयाजीला सतरंजीवर जागा करून दिली आणि भांबावून, काही न सुचून, पुस्तकातला धडा मोठ्यानं वाचू लागली. सयाजी चादर मांडीवर घेऊन शेवटपर्यंत ऐकत राहिला. जाताना कुलपाबद्दल तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी येऊन त्यानं माझ्या कडीला तेल घालून दोर हलका केला, आणखी खाली सोडला आणि पोरांना भरभर वाजवायला शिकवलं.

तिथून आमची एक रीतच पडली. दुपारी शेतातून आलेल्या बायका भिंतीला टेकून बसायच्या. शिकवणं त्यांना येत नव्हतं, पण ऐकता येत होतं. एकेक मूल एकेकीला धडा वाचून दाखवायचं. शीलाबाई म्हणायच्या, वाचन यातच पक्कं झालं.

मग शाळेची नवी खोली झाली. मुलं रांगेनं गेली. वाडीची शाळा वाडीतच राहिली, आरफा पाचवीत गेली; मला हवं होतं तेच झालं. शाळेत विजेवरची घंटा बसली. साळुबाईचे गुडघे धरले, म्हणून मुलगा तिला पिंपरीला घेऊन गेला. सयाजीनं दाराला पुन्हा कुलूप घातलं आणि माझा दोर वर गुंडाळून खांबाला बांधला. त्यात त्याचं काही चुकलं नाही. काम संपलं होतं; महिन्याच्या उपासनेला उरलेली दोन-चार माणसं घंटेवाचूनच जमतात.

पण संध्याकाळी आरफा अजून येते. आई बाजारातून परतेपर्यंत बंद दाराच्या पायरीवर बसून मोठ्यानं वाचते. कधी तिच्यासोबत आणखी एकदोन मुलं असतात. मागे कुलूप, आत घडी घातलेल्या सतरंज्या.

चर्चच्या माणसांनो, शाळेची भिंत पडायची वाट बघू नका. तुमच्याकडे सावली आहे, रिकामी जागा आहे आणि संध्याकाळचा थोडा वेळ आहे. सयाजी, तू दार उघड आणि तिच्यापाशी नुसता बस. मी तिचा शब्द न् शब्द ऐकते रे. पण धडा संपल्यावर ती मान वर करते, तेव्हा 'मग पुढं काय झालं?' असं विचारायला माणूसच लागतं.